उजवी मूठ

वाळूजच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. तिथं स्कूटरच्या गिअरचे भाग बनायचे. बनवणारे दुसरे, मी त्यातली खोट शोधणारा. नग हातात आला की तो खराबच आहे असं धरून चालायचं, चांगला आहे हे त्यानं सिद्ध करायचं, ही आमच्या पहिल्या साहेबांची शिकवण. नोकरी संपली, पण सवय अंगात राहिली. बायको मला भाजी आणायला सोबत नेत नाही. एकेक वांगं उलटंपालटं करून बघत बसतो म्हणते.

नात झाली तेव्हा आम्ही पडेगावच्या घरात राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. घरात मी, बायको, मुलगा आणि सून. मुलगा कारखान्यात पाळीवर जायचा. सून एका शाळेत शिकवते. बाळंतपणाची रजा संपल्यावर तिची शाळा सकाळची झाली, त्यामुळं सात ते एक नात आमच्याकडं. याच काळात घरात खेळणी यायला लागली. काही पाहुण्यांनी आणलेली, काही सुनेनं मोबाइलवर वाचून मागवलेली. प्रत्येक खोक्यावर एक गुटगुटीत, हसरं पोर आणि खाली छापलेलं, की या खेळण्यानं बाळाच्या स्नायूंचा विकास होतो.

मला त्या वाक्याचाच पहिला संशय आला. कुत्र्याचं चित्र असलेला खुळखुळा असो की रबरी बदक, वाक्य तेच. सगळ्यांनीच विकास होत असेल तर मग निवडायचं काय?

मी एकेक खेळणं तपासायला घेतलं. प्लॅस्टिकच्या कुत्र्याचा डोळा नखानं उचकटला तर सुटून हातात आला, पोरीच्या घशात अडकायला अगदी बेतशीर. गाणं म्हणणाऱ्या गाडीच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रूच नव्हता. एका ठोकळ्यावर ओला पांढरा रुमाल घासला, रुमाल लाल झाला. असली खेळणी मी कपाटावर टाकत गेलो. कपाटावर ढीग झाला आणि खाली पोरीपुढं तीन-चारच वस्तू उरल्या.

"लई झालं तुमचं," बायको म्हणाली. "पोरीनं खेळायचं का तुम्ही तपासायचं?"

सुनेला मात्र तेव्हा बरं वाटायचं. खोकं आलं की ती स्वतःच माझ्यासमोर आणून ठेवायची. "बाबांच्या हातून पास झालं की मला काळजी नाही," म्हणायची. ते मला आवडायचं, हे कबूल करतो.

पास झालेल्यांत एक कापडी कडं होतं, आत घुंगरू शिवलेलं. सात महिन्यांची नात सतरंजीवर बसायला लागली होती, जरा कलायची, उशीचा टेकू लागायचा. मी कडं पुढं धरलं की ती डावा हात लांबवून घ्यायची. पकड चांगली होती. एकदा सहज ते मी तिच्या उजव्या बाजूला धरलं. तिनं सगळं अंग वळवलं, डावा हात पोटावरून पलीकडं नेला आणि कडं घेतलं. उजवा हात तिथंच होता, कड्यापासून चार बोटांवर. तो हलला नाही.

मी आधी कड्यावरच संशय घेतला. जाड असेल, घुंगरू एका बाजूला असल्यानं तोल जात असेल. मग चमचा धरून पाहिला. चमचाही डाव्या हातानंच. वाटी, डबीचं झाकण, माझा चष्मा, सगळं डाव्या हातानं. उजव्या हाताची मूठ मिटलेली, अंगठा आत.

"डावखुरी हाय ती," बायको म्हणाली. "तुमचे धाकटे चुलते नव्हते का? आपल्या घरातच हाय ते."

चुलते डावखुरे होते हे खरं. पण चुलते मला आठवतात ते डाव्या हातानं विळा चालवताना, आणि उजव्या हातात कडब्याची पेंढी गच्च धरलेली. त्यांचा दुसरा हात कधी रिकामा नसायचा. हे मी बायकोला बोललो नाही. पुरावा हातात असल्याशिवाय बोलायचं नाही, हीही कारखान्यातलीच सवय.

मग मी पुरावा गोळा करायला लागलो. सकाळी सून शाळेत गेली आणि बायको अंघोळीला गेली की मी नातीसमोर बसायचो. वस्तू कधी मधोमध धरायची, कधी उजवीकडं, कधी डावीकडं. कोणता हात आला त्याची खूण जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर करायची. रोज वीस वेळा. उजव्या हाताच्या रकान्यात एखादी खूण पडायची, तीही डावा हात आधीच भरलेला असला तर. कॅलेंडर मी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवायचो. घरातलं कुणी चुकत असेल तर तो मीच असावा, अशी इच्छा मनात धरून मी हे करत होतो. पण खुणा काही वेगळं सांगेनात.

तीन आठवड्यांनी सून एकदा शाळेतून लवकर घरी आली. मी नातीचा डावा हात माझ्या हातात धरून ठेवला होता आणि समोर कडं वाजवत होतो. उजवा हात उचलते का ते बघायचं होतं. हात धरल्याचा राग येऊन पोर रडत होती. सून दारातच थांबली.

"बाबा, हे काय करताय?"

मी हात सोडला. आता सांगणं भाग होतं. "बेटा, तिचा उजवा हात बरोबर चालत नाही, असं मला वाटतं."

"कुणी सांगितलं?"

"मीच बघतोय. तीन आठवडे झाले."

तिनं पोरीला उचलून घेतलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज तिनं चढवला नाही. "तीन आठवडे तुम्ही तिला तपासताय? आणि मला बोलला नाहीत? बाबा, माझी मुलगी म्हणजे तुमच्या कंपनीतला नग नाहीये."

ती आत गेली. पुढचे चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. खोकी माझ्यापुढं यायची थांबली. कपाटावरची दोन खेळणी खाली आली, डोळा उचकटलेला कुत्रा सोडून. मुलानं कुणाचीच बाजू घेतली नाही. बायकोनं मला एकदाच ऐकवलं, "लेकराला दृष्ट आपल्याच माणसाची लागत असती."

नवव्या महिन्याच्या लशीला सून आणि मुलगा तिला घेऊन गेले. आल्यावर सुनेनं स्वयंपाकघरातून मला ऐकू येईल अशा आवाजात बायकोला सांगितलं, "डॉक्टरांना विचारलं मी हाताचं. म्हणाले, काही मुलं डावखुरी असतात, वर्षापर्यंत वाट बघू."

बायकोनं देवासमोर साखर ठेवली. मला मात्र त्या उत्तरावरही विश्वास बसेना. बाहेर रांगेत पंधरा लेकरं असणार, ही सुई टोचल्यावर रडणार, डॉक्टरांनी हात पाहिला तरी किती वेळ पाहिला असेल? सुनेनं नेमकं विचारलं काय असेल? आणि हेही मनात यायचं, की मला माझाच संशय खरा करून घ्यायचाय का? घरात आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून माणूस काय काय पाहू शकतो, ते मी कारखान्यात पाहिलं होतं. चांगला नग परत पाठवून मागून तोंडघशी पडलेले तपासनीस मला माहीत होते. कॅलेंडरवर खुणा करणं मी थांबवलं.

मग साधारण दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, सून माझ्या खोलीत आली. पोर झोपलेली होती. ती खुर्चीत बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली.

"बाबा, तुमचं ते कॅलेंडर दाखवा."

मला वाटलं, फाडून टाकायला मागते. मी काढून दिलं. तिनं एकेक रकाना बोटानं खालपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "अंघोळ घालताना मी तिची उजवी मूठ उघडते ना, आत रोज घाम साचलेला असतो. लोकरीचे धागे अडकलेले असतात. कातडी लाल झालीये. डावा तळवा एकदम स्वच्छ. पंधरा दिवस बघतेय मी. मूठ उघडायला मला जोर लावावा लागतो." तिनं कॅलेंडर मिटलं. "आणि ती रांगत नाही, बाबा. उजवं कोपर घासत ओढत जाते. मी सगळ्यांना सांगत होते, तिची स्टाइलच आहे."

अशा वेळी आपलं खरं ठरलं म्हणून कुणाला बरं वाटतं असं कुणी समजत असेल, तर ते चूक आहे. मला त्या क्षणी ते कॅलेंडर खोटं असायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मेंदूविकार बघणाऱ्या, लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. सुनेनं शाळेतून रजा काढली. बाईंनी नातीला खाली गादीवर सोडलं आणि अर्धा तास नुसतं खेळवलं. मी जे चोरून करत होतो तेच त्या उघडपणे करत होत्या, फक्त हसत हसत. शेवटी म्हणाल्या, "एवढ्या लहान वयात मूल एक हात निवडत नाही. दोन्ही हात सारखे वापरतं. इतक्या लवकर एक हात पक्का ठरला, तर तो हात आवडता आहे असं समजू नये. दुसरा हात का येत नाही, ते बघावं."

तपासण्या झाल्या. जन्माच्या आसपास कधीतरी मेंदूच्या एका छोट्या भागाला रक्त कमी पडलं होतं. फार नाही, पण उजवा हात आणि थोडा उजवा पाय अधू व्हायला पुरेल इतकं. बायको दवाखान्याच्या बाकावरच रडायला लागली. ग्रहणात सुनेनं सुरी धरली होती का, मालीश करणाऱ्या बाईनं हात पिरगाळला का, असं एकेक विचारू लागली. मालीशवाल्या बाईवर माझाही संशय होता, खोटं कशाला बोलू. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांकडं बघून सरळ सांगितलं, "आजी, यात कुणाचीही चूक नाही. आईची तर नाहीच. आणि तुम्ही वेळेवर आलात."

सुनेनं तेव्हा माझ्याकडं पाहिलं नाही. पण रिक्षात बसताना पोरीला माझ्या मांडीवर दिलं. चार दिवसांचा अबोला संपल्यानंतरही तिनं तसं दिलं नव्हतं.

हाताचे व्यायाम घेणाऱ्या एक तरुण बाई होत्या, आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडं जायचं ठरलं. त्यांच्या खोलीत भिंतभर खेळणी मांडलेली. मी बघूनच ओळखलं, इथं आता यादी मिळणार आणि अमुक दुकानातूनच घ्या म्हणणार. मी विचारलंही, "मॅडम, यातलं कोणतं घ्यावं लागेल?"

त्या म्हणाल्या, "काका, दुकानातून काहीच घेऊ नका. एका हातानं उचलता येणार नाही असं घरातलं काहीही तिच्यापुढं ठेवा. मोठा चेंडू, घट्ट झाकणाचा डबा. आणि हलकी, आवाज करणारी वस्तू नेहमी उजवीकडं. हात धरून ठेवायचा नाही. तिला राग येईल असं काही करायचं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं, पण मला ते लागलं. डाव्या हातात थोडा वेळ मऊ मोजा घालायचा प्रयोगही पुढं त्यांनी केला, पण तो त्यांच्या देखरेखीखाली, मोजका वेळ, आणि गाणी म्हणत. मूल रडायला लागलं की मोजा काढायचा. वॉकरला त्यांनी साफ नाही म्हटलं. तो कुणीतरी पाहुण्यांनी आणून ठेवला होता, मी तो त्याच दिवशी परत पाठवला.

आता तपासायचं काय, ते मला कळलं. आजवर मी खेळण्यात नुसती खोट शोधत होतो. ते पोरीच्या हातांकडून काय मागतं, हे कधी विचारलंच नव्हतं. पीठ चाळायची चाळणी दोन हात मागत होती. पोळ्यांचा डबा मागत होता. टरबुजाएवढा चेंडू मागत होता, पण तो निसटायचा आणि ती चिडायची. दोन्ही टोकांना धरता येईल आणि वाजेल असं काहीतरी हवं होतं. बाजारात जे मिळालं त्याच्या कड्या मी ओढून पाहिल्या, निघून आल्या.

छावणीत एक म्हातारे खरादी आहेत, पलंगाचे पाय आणि लाटणी करतात. कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं म्हणून गेलो. मी लाटण्यासारखी दांडी सांगितली, दोन्हीकडं मुठी, मध्ये वाजणाऱ्या कड्या.

"कड्या निघता कामा नयेत," मी म्हटलं. "पोरगी तोंडात घालते."

"निकलेंगे कैसे?" ते म्हणाले. "जोडणारच नाय ना साहब. एकाच लाकडातून काढतो. मुठी दोन्हीकडं मोठ्या, कडी बीच में फिरंल, बाहेर यायला रस्ताच नाय."

माझा विश्वास बसला नाही. आयुष्यभर लेथ पाहिली होती मी, पण लोखंड कापणारी. त्यांनी माझ्यासमोर लाकडाचा तुकडा फिरता केला, वाकड्या पटाशीनं दोन्ही बाजूंनी आतून कोरत गेले, आणि एका क्षणी कडी दांडीपासून सुटी झाली आणि खडखडली. लहान मुलासारखं मी ते हातात घेऊन हलवत बसलो.

"रंग कोणता देणार?" मी विचारलं.

"लाखेचा देतो. लाल, पिवळा."

"लाखेत काय काय घालता?"

त्यांनी हातातलं काम थांबवलं. "पोलीस में थे क्या आप?"

मग मी त्यांना नातीचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. नातेवाइकांनाही आम्ही तोवर नीट सांगितलं नव्हतं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "मग रंग नको. नुसतं खोबरेल तेल चोळतो. और एक बात, तिची उजवीकडची मूठ जरा बारीक ठेवतो. कमजोर हाथ को पकडने दो." आणि दांडीचं टोक त्यांनी स्वतःच्या दातांत धरून दाखवलं, की हे असं पोर चावणार, तरी काही होणार नाही.

आठवड्यानं खेळणं घरी आलं. मी बायकोची जुनी नायलॉनची साडी घेतली आणि तिचा पदर दांडीवरून, मुठींवरून, कड्यांच्या आतून फिरवला. कुठं लाकडाची बारीक कूस वर आलेली असेल तर धागा अडकतो. एकही अडकला नाही. सून बाजूला उभी राहून बघत होती.

"पास?" तिनं विचारलं.

"पास," मी म्हटलं.

नातीनं मात्र ते पहिले कितीतरी दिवस नापास केलं. डाव्या हातानं एक मूठ धरायची आणि जमिनीवर आपटायची. दांडीची उजवी मूठ आम्ही तिच्या तळव्यात ठेवली की बोटं क्षणभर वळायची आणि सुटायची. बायकोनं त्याला "भांडकुदळ लाटणं" असं नाव दिलं होतं. एक वर्षाची झाली तेव्हाही हीच गत. मी पुन्हा संशयात पडलो. खरादी भला माणूस, पण मूठ बारीक करायचं त्याचं गणित चुकलं असेल. व्यायामवाल्या बाई तरुण आहेत, किती पोरं पाहिली असतील त्यांनी? मोठ्या डॉक्टरीणबाईंनी "वेळेवर आलात" म्हटलं ते नुसतं धीर द्यायला तर नसेल?

मग एका सकाळी सून डबा भरत असताना नातीनं दांडी उचलली. डावा हात एका टोकाला, उजवा दुसऱ्या टोकाला, अंगठा बाहेर. दोनदा वाजवली. सुनेनं हातातली पोळी तशीच टाकली आणि मोबाइल काढला.

"पाहिलं का, बाबा? पाहिलं ना?"

"योगायोग असेल," मी म्हटलं. "पुन्हा करू दे."

तिनं पुन्हा केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी केलं, आणि त्या दिवशी चारदा. सून त्या दिवशी शाळेत उशिरा पोचली. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं, कारण मला माझं तोंड कुणाला दाखवायचं नव्हतं.

आता ती अडीच वर्षांची आहे. उजवा हात डाव्याच्या बरोबरीचा नाही आणि तो तसा होईलच असं कुणी आम्हाला सांगितलेलं नाही. तो मदतनीस आहे. डावा हात हरभऱ्याचा घाटा सोलतो तेव्हा उजवा तो धरून ठेवतो. जिना चढताना उजवा पाय थोडा मागं राहतो. व्यायाम चालूच आहेत. कधी कधी ती कंटाळते आणि सगळी खेळणी पलंगाखाली सारते, आणि मग मला वाकून ती काढावी लागतात.

मागच्या महिन्यात बायकोचा नवस फेडायला आम्ही सगळे वेरूळला गेलो. घृष्णेश्वराच्या रांगेत आमच्यापुढं एक बाई उभी होती, कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ. नात माझ्या खांद्यावर झोपली होती. कुणीतरी त्या बाळापुढं बिस्किट धरलं. बाळानं डाव्या हातानं घेतलं आणि चोखायला लागलं. मी त्याच्या उजव्या हाताकडं बघत राहिलो. तो आईच्या पदरात गुंतला होता, मूठ दिसत नव्हती. मी जरा बाजूला सरकलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सूनही बाजूला सरकलीय, मान तिरकी करून तिकडंच बघतेय.

बिस्किट खाली पडलं. त्या बाईनं दुसरं दिलं. या वेळी पदरातून उजवा हात बाहेर आला, पाची बोटं पसरून, आणि त्यानं ते झटकन घेतलं. मग बाळानं ते डाव्या हातात दिलं, परत उजव्यात घेतलं.

"दोन्ही," सून माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं, आणि रांग पुढं सरकली.